पॉवर बँक हातातल्या बॅगेतच का?

प्रश्न : विमानतळावर मला मोठ्या बॅगेतली पॉवर बँक काढून हातातल्या बॅगेत ठेवायला लावली. जी वस्तू सामानात धोकादायक, ती प्रवाशांच्या शेजारी कशी चालते? विमानातही बॅटऱ्या असतातच ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शंका रास्त आहे. लिथियम-आयन बॅटरीच्या एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, तर तो तापतो, त्या उष्णतेने आतील रासायनिक क्रिया अधिकच वेग घेतात आणि शेजारचे सेलही पेटतात. ही आग प्रवासी कक्षात लागली, तर ती लगेच लक्षात येते आणि पाणी ओतून बॅटरी थंड करता येते. सामानकक्षात उड्डाणादरम्यान कोणी पोहोचू शकत नाही. तिथली हॅलॉन वायूची यंत्रणा ज्वाळा विझवते, पण बॅटरीतली उष्णता काढून घेत नाही. थोडक्यात, पॉवर बँक केबिनमध्ये निर्धोक ठरते असे नव्हे, तिथे ती हाताशी असते इतकेच. साधारणपणे 100 वॉट-तासांपर्यंतची (वॉट-तास म्हणजे साठवलेल्या ऊर्जेचे माप) पॉवर बँक परवानगीशिवाय नेता येते. 20,000 एमएएचची, सेलच्या 3.7 व्होल्टने हिशेब केल्यास, 74 वॉट-तासांची भरते.

विमानाच्या स्वतःच्या बॅटऱ्यांनाही हा धडा महागात पडला. उड्डाणात वीज मुख्यतः इंजिनांवरील जनित्रे पुरवतात. बॅटरी लागते ती सहायक इंजिन सुरू करायला आणि आणीबाणीत. बोइंग 787 मध्ये त्यासाठी आठ सेलची लिथियम-आयन बॅटरी बसवली होती. 7 जानेवारी 2013 रोजी बॉस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या विमानात ती पेटली. नऊ दिवसांनी जपानमध्ये दुसऱ्या कंपनीच्या 787 ला, बॅटरीतून धूर येऊ लागल्याने, ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. त्यानंतर एअर इंडियाच्या सहा विमानांसह जगभरातील सर्व 787 काही महिने जमिनीवर राहिली. उपाय मोठा बोलका होता : रसायन तेच ठेवून दोन सेलमधले विलगीकरण वाढवले आणि बॅटरी पोलादी पेटीत बंद करून तिचा धूर नळीवाटे विमानाबाहेर सोडण्याची सोय केली.

आपल्या पॉवर बँकेला अशी पेटी नसते. म्हणून ती डोक्यावरच्या कप्प्यातही न ठेवता जवळच ठेवावी. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर उभ्या विमानातली आग अशाच कप्प्यातून सुरू झाली होती, आणि त्यानंतर त्या देशाने अशा कप्प्यांत पॉवर बँक ठेवण्यास मनाई केली.