जेएमपी या सांख्यिकी सॉफ्टवेअरमधली कोष्टके आणि आलेख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : 'फिट मॉडेल'मध्ये गटाचा रकाना 'बाय'मध्ये (गटवार विश्लेषणाच्या चौकटीत) टाकून रिग्रेशन (एक चल इतरांप्रमाणे कसे बदलते ते मोजणारे विश्लेषण) चालवले. १२ गटांचे १२ अहवाल एकाखाली एक आले. प्रत्येकातले सहगुणक कॉपी करून स्प्रेडशीटमध्ये चिकटवतो, पण काही पी-मूल्ये (खरा परिणाम नसतानाही असा निकाल येण्याची शक्यता) आकडे म्हणून उतरतच नाहीत आणि दशांशस्थळे कमी पडतात. दुसरा काही मार्ग?

उत्तर : कॉपी-पेस्टचा नाद सोडा. अहवालात दिसणारे '<.०००१' हे आकड्याचे दाखवण्यापुरते रूप आहे. चिकटवल्यावर स्प्रेडशीट त्याला मजकूर समजते आणि पुढे क्रमवारी लावताना घोळ होतो. त्याऐवजी कोणत्याही एका 'पॅरामीटर एस्टिमेट्स' कोष्टकावर राइट-क्लिक करून 'मेक कम्बाइन्ड डेटा टेबल' निवडा. बाराही गटांच्या ओळी एका तक्त्यात येतात, गटाचे नाव स्वतंत्र रकान्यात बसते आणि आकडे न गोलावता मिळतात. त्याच मेन्यूतली 'मेक इंटू डेटा टेबल' ही आज्ञा फक्त त्या एका कोष्टकापुरती असते. घाईत बहुतेकदा तीच निवडली जाते आणि बाकीचे ११ गट कुठे गेले ते कळत नाही.

विश्वास-मर्यादा (सहगुणकाचे खरे मूल्य ज्यांच्या दरम्यान असावे त्या सीमा) हव्या असतील तर त्या तक्ता काढण्याआधी दाखवून घ्या. कंट्रोल (मॅकवर कमांड) दाबून ठेवा, एका अहवालाच्या शीर्षकाजवळच्या लाल त्रिकोणावर (तो अहवालाचा मेन्यू) क्लिक करा, 'रिग्रेशन रिपोर्ट्स'मधून 'शो ऑल कॉन्फिडन्स इंटरव्हल्स' निवडा. कंट्रोलमुळे आज्ञा सगळ्या गटांना लागू होते. ते विसरलात तर एकाच गटात मर्यादा दिसतील. व्हीआयएफ (चले एकमेकांत किती गुंतली आहेत ते सांगणारा आकडा) मात्र कोष्टकावर राइट-क्लिक करून 'कॉलम्स'मध्ये सापडेल.

असा काढलेला तक्ता मूळ अहवालापासून तुटलेला असतो. उद्या डेटा दुरुस्त केला तरी हे आकडे जुनेच राहतील. म्हणून लाल त्रिकोणातून 'सेव्ह बाय-ग्रुप स्क्रिप्ट', 'टू डेटा टेबल' करून ठेवा. दुरुस्तीनंतर डेटा तक्त्यातल्या त्या स्क्रिप्टचा हिरवा त्रिकोण दाबला की अहवाल नव्याने तयार. एकत्रित तक्ता तेवढा पुन्हा काढायचा.

प्रश्न : आलेखात एक बिंदू उघडच चुकीचा होता. तो 'हाइड' केला, आलेखातून गेला. पण सरासरी आणि रेषेचा उतार तसाच. असे का?

उत्तर : कारण 'हाइड' फक्त डोळ्यांआड करते. ती ओळ गणितात राहतेच. २० नोंदींपैकी एका जागी ९.८ ऐवजी ९८ पडला असेल तर सरासरी ४.४१ ने वर जाते, आणि बिंदू लपवूनही ती तिथेच राहते. गणितातून काढायला 'एक्सक्लूड' लागते. त्याची गंमत उलटी : वायविरुद्ध एक्सच्या आलेखात वगळलेला बिंदू दिसत राहतो, म्हणून लोकांना वाटते की काही झालेच नाही. दोन्ही हवे असेल तर 'रोज' मेन्यूत 'हाइड अँड एक्सक्लूड' आहे. ओळ क्रमांकाशेजारी लपवलेल्या ओळीला मुखवट्याचे आणि वगळलेल्या ओळीला आडवी रेघ असलेल्या लाल वर्तुळाचे चिन्ह येते. शंका आली की तिथेच पाहावे.

एवढे करूनही उतार हलला नाही, तर लाल त्रिकोणातल्या 'रीडू'मध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक रीकॅल्क' चालू करा. 'फिट वाय बाय एक्स'मध्ये ते मुळात बंद असते. 'ग्राफ बिल्डर'मध्ये चालू असते, आणि त्यामुळेच एकाच तक्त्यावरच्या दोन खिडक्या वेगवेगळी उत्तरे देतात.

ओळी वगळल्याचा परिणाम त्या तक्त्यावरच्या प्रत्येक विश्लेषणावर होतो. एकाच खिडकीत काही ओळी बाजूला ठेवून पाहायचे असेल तर 'लोकल डेटा फिल्टर' वापरा. आणि हो, ९८ ही टंकनचूक असेल तर मूळ नोंद पाहून ती दुरुस्त करा, वगळत बसू नका.

प्रश्न : एका आलेखात बिंदू निवडले की दुसऱ्यातही उजळतात असे ऐकले होते. माझ्याकडे उजळत नाहीत.

उत्तर : दोन्ही आलेख एकाच डेटा तक्त्यावरचे आहेत का ते पाहा. 'सबसेट' (काही ओळींचा वेगळा तक्ता) काढताना 'लिंक टू ओरिजिनल डेटा टेबल'वर खूण केली नसेल तर नवा तक्ता वेगळाच पडतो.

प्रश्न : वरिष्ठांकडे जेएमपी नाही. त्यांना हलते आलेख कसे पाठवायचे?

उत्तर : 'फाइल' मेन्यूत 'एक्स्पोर्ट'मधून (जुन्या आवृत्त्यांत 'सेव्ह ॲज'मधून) 'इंटरॅक्टिव्ह एचटीएमएल विथ डेटा' निवडा. फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. बिंदूवर माउस नेला की माहिती दिसते, एका आलेखातली निवड त्याच फाइलमधल्या दुसऱ्या आलेखात उजळते. मॉडेल पुन्हा बसवणे मात्र तिथे होत नाही, आणि ज्या भागांना ही सोय नाही ते स्थिर चित्र म्हणून येतात.

नावातले 'विथ डेटा' मनावर घ्या. आलेखामागची मूल्ये फाइलमध्येच जातात आणि ती काढून घेणे अवघड नसते. एखाद्या रकान्याला 'लेबल' (बिंदूसोबत दाखवायची खूण) लावले असेल तर तोही सोबत जातो. रुग्णांची किंवा कर्मचाऱ्यांची नावे असलेला रकाना असेल तर आधी 'अनलेबल' करा, मग अहवाल नव्याने काढून निर्यात करा. मूल्ये बाहेर जाणे परवडतच नसेल तर पीडीएफ पाठवा.