परीक्षण लिहायला बसण्याआधी

कथानक सांगत बसू नकोस, ते मलपृष्ठावर असतंच. पुस्तकाला काय साधायचं होतं ते आधी ओळख, मग मोजपट्टी उचल. रहस्यकथेत दुवे आधी पेरले होते का, हे मागची पानं उलटून तपास. कविता मोठ्याने वाच, अन् संग्रह एका बैठकीत संपवू नकोस.

आत्मकथनाचे गुण 'भाषा ओबडधोबड' म्हणून कधीही कापू नकोस. १९७८ साली आलेलं 'बलुतं'च घे. तिथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच, पण शिकून पांढरपेशा झालेला आणि मागचं काही न विसरलेला असे दोघं समोरासमोर बसलेत. ही रचना नजरेतून सुटली की परीक्षण 'हृदयद्रावक' या शब्दापाशीच थांबतं. माझं पहिलं तिथेच थांबलं होतं, म्हणून सांगते.

अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव पहिल्याच परिच्छेदात दे, ही अगदी कळकळीची विनंती. वाचताना पेन्सिल जवळ असू दे. ग्रंथालयाच्या पुस्तकावर मात्र खुणा नकोत, कागदाचे कपटे घाल.