कानाला न ऐकू येणारे संकेत

प्रश्न : १३७ किलोहर्ट्झवर हौशी रेडिओवाल्यांचा प्रभावी प्रसारित संकेत जेमतेम १ वॉटचा. मग तो अटलांटिकपार कसा ऐकू येतो?

उत्तर : कानाला तो ऐकू येतच नाही, ऐकतो तो संगणक! डब्ल्यूएसपीआर, म्हणजे आमचं ‘व्हिस्पर’, ही अतिक्षीण संकेत संगणकाने टिपायची पद्धत जोसेफ टेलर यांनी २००८ मध्ये आणली. पल्सारच्या (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं धाडणाऱ्या ताऱ्याच्या) संशोधनासाठी १९९३ चं नोबेल मिळालेले तेच टेलर. संदेश इवलासा : कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव), ठिकाणाचा ग्रिड (नकाशावरच्या चौकोनाचा संकेतांक), प्रसारणाची शक्ती. तेवढंच सांगायला जवळपास १११ सेकंद लागतात आणि संकेताची रुंदी फक्त ६ हर्ट्झ. त्यामुळे गोंगाटात पार बुडालेला संकेतही उलगडतो. घड्याळ मात्र अचूक हवं, कारण प्रसारण सम मिनिटालाच सुरू होतं.

खरा कस लागतो अँटेनात. तरंगलांबी सुमारे २१९० मीटर. अंगणातली तार तिच्यापुढे किस झाड की पत्ती! म्हणून ती या तरंगलांबीशी जुळवायला प्लास्टिकच्या पिंपावर वेढे घालून भलीमोठी कॉइल करावी लागते. शेकडो वॉट ओतले तरी हवेत जातो अगदी थोडा अंश. पाऊस पडला की जुळणी ढळते, पुन्हा कॉइलपाशी जावं लागतं.

मला विचाराल तर आधी नुसतं ऐकायला लागा. त्यासाठी घरातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर बंद करा; या पट्ट्यात त्यांचा गोंगाट फार असतो.