ताशी ११ डॉलर म्हणजे किमान वेतनापेक्षा जास्तच ना?

या महिन्याच्या टपालात अमेरिकेतल्या वैद्यकीय नोंदींच्या कामाबद्दलची पत्रं बरीच आली. मी स्वतः ओहायोतल्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिकल कोडर होते, म्हणजे रुग्णाच्या नोंदींतल्या आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक संकेतांक द्यायचं काम करत होते. नंतर तिथल्याच एचआर विभागात व्हिसावरच्या लोकांच्या पगाराच्या फायली माझ्याकडे असत. त्यामुळे ही पत्रं एकत्रच घेते. मी वकील नाही. सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवावेत, पण दाखवताना काय विचारायचं हे इथून घेऊन जा.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी बी.फार्म. आहे. पुण्यात चार वर्षं मेडिकल कोडिंग करतो आणि सीपीसी ही कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा पास आहे. टेक्सासमधल्या ह्यूस्टनजवळची एक बिलिंग कंपनी मला एच-१बी व्हिसावर नेणार असं एजंट सांगतो. पगार ताशी ११ डॉलर. पण तो चार्टमागे, म्हणजे पूर्ण केलेल्या रुग्णाच्या प्रत्येक फायलीमागे मोजणार, आणि पहिले दोन महिने ‘ट्रेनिंग’ म्हणून बिनपगारी. कंपनीच्या अर्जाची फी आणि वकिलाचे पैसे मिळून ४,५०० डॉलर माझ्याकडून घेणार. अमेरिकेत किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे, म्हणजे मला जास्तच मिळतंय, असं एजंटचं म्हणणं. खरं आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ७.२५ डॉलर हा आकडा खरा आहे. २००९ च्या जुलैपासून केंद्रीय किमान वेतन तेवढंच आहे आणि टेक्सासमध्येही तेच चालतं. पण तुमच्या पगाराचा त्याच्याशी संबंध नाही. एजंटने तुम्हाला चुकीची फूटपट्टी दिली आहे, आणि ती मुद्दाम दिली असावी असं मला वाटतं.

एच-१बीवर माणूस न्यायचा तर कंपनीला आधी अमेरिकेच्या श्रम खात्याकडे लेबर कंडिशन अ‍ॅप्लिकेशन भरावं लागतं. सगळे त्याला ‘एलसीए’ म्हणतात. त्यात कंपनी लिहून देते की दोन पगारांपैकी जो जास्त असेल तो आम्ही देऊ. एक पगार म्हणजे त्याच जागी, तशाच अनुभवाच्या आणि शिक्षणाच्या माणसाला त्याच कामासाठी कंपनी प्रत्यक्ष देते तो. दुसरा म्हणजे त्या शहराच्या परिसरात त्या कामाचा प्रचलित पगार. तुमचं किमान वेतन ते. त्याच्या एक डॉलर खाली गेलेलंही चालत नाही.

हा प्रचलित पगार घरबसल्या बघता येतो. श्रम खात्याच्या ‘फ्लॅग’ या संकेतस्थळावर पगार शोधायची सोय आहे. कामाचा कोड (सरकारने प्रत्येक व्यवसायाला दिलेला क्रमांक) टाका, राज्य आणि परिसर निवडा, की चार पायऱ्यांचे चार आकडे समोर येतात. मेडिकल रेकॉर्ड्स स्पेशालिस्टचा, म्हणजे तुमच्यासारख्या कोडरचा, कोड २९-२०७२ आहे. पहिली पायरी नवख्याची. परिसरातल्या त्या कामाच्या पगारांची उतरंड लावली तर साधारण १७ टक्के लोक जिच्या खाली असतात अशी ती रेघ असते. चौथी पायरी साधारण ६७ टक्क्यांवर असते. आकडे दर १ जुलैला बदलतात, म्हणून आज बघितलेला आकडा पुढच्या वर्षी धरून बसू नका. अंदाज यावा म्हणून सांगते, मे २०२४ च्या सरकारी आकडेवारीत या कामाचा देशभरातला मधला पगार वर्षाला ५०,२५० डॉलर होता. तुमचे ताशी ११ डॉलर २,०८० तासांनी गुणा. २२,८८० होतात. निम्मेही नाहीत.

पायरी कशी ठरते ते नीट समजून घ्या, कारण खरी लबाडी इथे होते. तुमच्याकडे काय आहे यावर पायरी ठरत नाही. त्या नोकरीला काय लागतं यावर ठरते. किती वर्षांचा अनुभव मागितला आहे, त्या कामाला नेहमी लागतं त्याहून जास्त शिक्षण किंवा वेगळं कौशल्य मागितलं आहे का, हाताखाली माणसं आहेत का, या एकेका गोष्टीचे गुण मिळत जातात आणि पायरी वर चढते. जाहिरातीत चार-पाच वर्षांचा अनुभव हवा, नवीन कोडरचे चार्ट तपासायचे आहेत, टीमची जबाबदारी आहे असं सगळं लिहायचं आणि एलसीएवर मात्र पहिली पायरी टाकायची, असे कागद माझ्या टेबलावर आले आहेत. जाहिरात आणि एलसीए शेजारी ठेवून वाचा. एवढ्यानेच पुष्कळ कळतं.

आता चार्टमागे पैसे. कोडिंगच्या धंद्यात ही पद्धत जुनी आहे, पुण्यात तुम्हीही पाहिली असेल. सोपा ओपीडीचा चार्ट काही मिनिटांत होतो, तर आयसीयूत तीन आठवडे काढलेल्या रुग्णाचा चार्ट अर्धा दिवस खातो. आणि डॉक्टरला विचारलेल्या शंकेचं उत्तर येईपर्यंत तो तसाच अडकून राहतो. कंपनीने पैसे कसे मोजायचे हा तिचा प्रश्न. पण व्हिसावरच्या माणसाच्या हातात ठरलेला पूर्ण पगार पडलाच पाहिजे. चार्ट कमी आले, सिस्टिम बंद पडली, हॉस्पिटलने काम पाठवलं नाही, तरी पगार चालू राहतो. कंपनीकडे काम नाही म्हणून पगार थांबवणं या व्हिसावर बेकायदा आहे. बिनपगारी ट्रेनिंगही त्यातच येतं. बाहेरून आलेल्या माणसाचा पगार तो देशात उतरल्यापासून फार तर ३० दिवसांत सुरू करावाच लागतो.

४,५०० डॉलरांचं बघू. कंपनीने भरायच्या शुल्कात प्रशिक्षण निधीचं म्हणून एक शुल्क असतं. २५ पर्यंत कर्मचारी असतील तर ७५० डॉलर, त्याहून जास्त असतील तर १,५०० डॉलर. ते कर्मचाऱ्याकडून कुठल्याही मार्गाने वसूल करता येत नाही. आधी नाही, नंतर नाही, हप्त्याने नाही. एच-१बी अर्जाचा वकील आणि अर्जाची फी हाही कंपनीचाच खर्च धरला जातो. तो तुमच्यावर टाकला आणि त्यामुळे पगार एलसीएत कबूल केलेल्या पगाराखाली गेला, तर तो कमी दिलेला पगारच मानतात. मुंबईच्या वकिलातीतली तुमच्या स्वतःच्या व्हिसाची फी मात्र तुम्ही भरू शकता.

याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे. ती वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगायला हवी. एच-१बी हा ज्या कामाला त्या विषयातली किमान पदवी लागते अशा कामासाठीच आहे. कोडरच्या नोकरीला अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र पुरतं, हे तिथलं सरकारच आपल्या माहितीपुस्तिकेत लिहितं. त्यामुळे साध्या कोडिंगच्या नोकरीचा एच-१बी अर्ज इथेच अडकतो. तुमची बी.फार्म. पदवी खोटी ठरत नाही, पण नोकरीला ती लागते हे कंपनीला दाखवता येत नाही. शिवाय देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर भरायची अट २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली. ताशी ११ डॉलर देणारी कंपनी एका कोडरसाठी ती रक्कम भरेल, यावर माझा विश्वास नाही.

कोडरना नेतात ते बहुधा ईबी-३ या ग्रीन कार्डच्या वाटेने. तिथे कंपनी पगाराचा आकडा स्वतः निवडत नाही, श्रम खातं तो लेखी ठरवून देतं आणि कंपनीला निदान तेवढा देऊ करावाच लागतो. त्या वाटेवर श्रम खात्याच्या मंजुरीसाठी लागणारा वकील आणि जाहिरातींचा खर्च उमेदवाराकडून घ्यायला २००७ पासून बंदी आहे. फक्त ती वाट भारतीयांसाठी फार लांब आहे. काही महिन्यांत नेतो म्हणणाऱ्यावर विसंबून पुण्यातली नोकरी सोडू नका.

एजंटला एकच गोष्ट मागा : श्रम खात्याने मंजूर केलेल्या एलसीएची प्रत. कामाचा कोड, कामाची जागा, तुमचा पगार, प्रचलित पगार आणि पायरी, सगळं त्यात असतं. कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत ती प्रत तुमच्या हातात देणं कंपनीवर बंधनकारकच आहे. आधी दाखवायला नकार देत असतील तर पैसे देऊ नका.

प्रश्न : मी हेल्थ इन्फर्मेटिक्समध्ये एम.एस. केलं आहे. ओहायोत कोलंबसमधल्या हॉस्पिटलसाठी एच-१बीवर काम करते, पूर्णपणे घरून. मिस्टरांची बदली न्यू जर्सीला झाली आहे. मॅनेजर म्हणतात, लॅपटॉप घेऊन जा, काम तेच, पगार तोच. काही करावं लागेल का?
— एक वाचक भगिनी, कोलंबस

उत्तर : लागेल, आणि सामान हलवायच्या आधी. तुमच्या एलसीएवर कोलंबसचा परिसर आहे. घरून काम करणाऱ्याची कामाची जागा म्हणजे त्याचं घर. रोज जा-ये करता येईल एवढ्या परिसराबाहेर घर गेलं की नवी एलसीए भरावी लागते आणि व्हिसाचा सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५ साली सिमिओ सोल्यूशन्स या प्रकरणाच्या निकालात हे पक्कं झालं. मॅनेजर वाईट हेतूने म्हणत असतील असं नाही. कामाच्या जागेचा पगाराशी संबंध असतो हे खूप मॅनेजरना माहीतच नसतं.

नवी एलसीए झाली की न्यू जर्सीतला तुमच्या कोडचा आकडा लागू होईल. हेल्थ इन्फर्मेटिक्स स्पेशालिस्टचं काम १५-१२११ या कोडखाली येतं आणि तिथले आकडे रेकॉर्डच्या कामाच्या बरेच वर असतात. तुमचा आत्ताचा पगार नव्या आकड्यापेक्षा कमी भरला तर हॉस्पिटलला तो वाढवावा लागेल. नसेल भरत तर ‘पगार तोच’ हे बरोबरच. एलसीएची नोटीस कामाच्या जागी दोन ठिकाणी १० दिवस लावायची असते. तुमची कामाची जागा घर, म्हणून ती तुमच्या घरात लागते. माझ्याकडे असे कर्मचारी होते. फ्रिजच्या दारावर आणि टेबलाशेजारच्या भिंतीवर नोटीस लावून त्यांनी तारखेचे फोटो पाठवले होते. ते फोटो जपून ठेवा.

प्रश्न : मी एच-१बी दुसऱ्या कंपनीकडे बदलून घेतला. नव्या ठिकाणी रुजू झाले, पण हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सिस्टिमचं लॉगिन मिळायला सहा आठवडे लागले. त्या काळाचा पगार दिला नाही. आता सोडायचं म्हटलं तर ‘मुदतीआधी सोडल्याचा दंड’ म्हणून १०,००० डॉलर मागतात.
— नाव नको, शिकागो

उत्तर : ते सहा आठवडे तुम्ही कामाला तयार होतात. लॉगिन देणं त्यांच्या हातात होतं. पगार तुमचाच आहे. श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर तक्रार करता येते. चूक घडल्यापासून १२ महिन्यांच्या आत करा, ही मुदत हातची जाऊ देऊ नका. तक्रार केली म्हणून कामावरून काढणं किंवा त्रास देणं कायद्याने मना आहे. रुजू झाल्याचा ईमेल, लॉगिनसाठी पाठवलेली प्रत्येक आठवण, तेव्हाच्या पगाराच्या पावत्या, हे सगळं आजच स्वतःच्या ईमेलवर घ्या. कंपनीचा लॅपटॉप परत गेला की काही हाती लागत नाही. मात्र त्यात रुग्णांची माहिती असलेला एकही कागद नको. रुग्णांच्या माहितीचा कायदा वेगळा आहे आणि कडक आहे.

एच-१बीवरच्या माणसाकडून लवकर सोडल्याचा दंड घेता येत नाही. तुमच्या जाण्याने झालेलं वाजवी नुकसान आधी करारात ठरवलं असेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे ते मागता येतं. १०,००० डॉलर यातलं काय आहे ते करार बघून वकील सांगेल. तोपर्यंत एक पैसाही देऊ नका आणि कशावरही सही करू नका.

प्रश्न : मी एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असून माझ्याकडे कामाचा परवाना आहे. न्यू जर्सीत एका दवाखान्यात रेकॉर्डचं काम मिळतंय. मलाही प्रचलित पगाराचा नियम लागू का?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : नाही. तुम्हाला दवाखान्याने स्पॉन्सर केलेलं नाही, त्यामुळे एलसीए नाही आणि तो नियमही नाही. तुम्हाला राज्याचं किमान वेतन लागू. न्यू जर्सीत बहुतेक कर्मचाऱ्यांसाठी ते २०२५ साली ताशी १५.४९ डॉलर होतं आणि दर जानेवारीत बदलतं. तासावर पगार असेल तर आठवड्याला ४० तासांच्या वरच्या प्रत्येक तासाला दीडपट मिळायला हवं. घरी आणून पूर्ण केलेले चार्टही त्याच तासांत धरायचे असतात.