स्वमग्न मुलासाठी पसंती चाचणीची पद्धत कशी निवडावी?

तुमचा प्रश्न असा आहे, की पाच वर्षांच्या, अजून न बोलणाऱ्या स्वमग्न मुलासाठी पसंती चाचणीची (प्रेफरन्स असेसमेंट, म्हणजे शिकवताना बक्षीस म्हणून द्यायला मुलाला कोणत्या वस्तू जास्त आवडतात ते शोधणे) कोणती पद्धत घ्यावी. आणि दोन-दोन वस्तू समोर ठेवून तुम्ही केलेली चाचणी, खेळणे परत घेताच तो डोके आपटू लागल्यामुळे, अर्ध्यावर सोडावी लागली. माझ्या मते पद्धत ठरवण्यासाठी ही एवढी माहिती पुरेशी आहे.

वस्तू काढून घेणेच ज्याला सोसत नाही, त्याच्यासाठी मी नेहमी मुक्त निरीक्षणाची पद्धत घेते. रोआन आणि सहकाऱ्यांनी ती 1998 मध्ये मांडली. वस्तू खोलीत त्याच्या हाताशी मांडून ठेवायच्या, पाच मिनिटे काहीही परत घ्यायचे नाही आणि कोणत्या वस्तूशी तो किती सेकंद रमला, तेवढे नोंदवायचे. तो सारा वेळ एकाच वस्तूपाशी राहिला, तर बाकीच्यांचा क्रम कळत नाही. अशा वेळी पुढच्या खेपेला ती वस्तू तो खोलीत येण्याआधीच बाजूला ठेवावी.

तुम्ही वापरलेली जोड्यांची पद्धत फिशर आणि सहकाऱ्यांची, 1992 ची. तिच्यातून पसंतीचा क्रम सर्वांत स्पष्ट मिळतो, पण वेळ फार लागतो: आठ वस्तूंच्या 28 जोड्या होतात आणि सोळांच्या 120. शिवाय काही मुले वस्तूकडे न पाहता दर वेळी उजव्या हाताचीच उचलतात, म्हणून बाजू बदलत राहाव्या लागतात. डिलिऑन आणि इवाटा यांच्या 1996 च्या पद्धतीत सगळ्या वस्तू एका ओळीत मांडतात आणि निवडलेली वस्तू पुन्हा ओळीत ठेवत नाहीत. हे काम लवकर आटोपते, मात्र मुलाला पूर्ण ओळीवरून नजर फिरवता आली पाहिजे, आणि वस्तू परत घेण्याची अडचण इथेही राहतेच. तो परत देण्यास सरावला, की चार-पाच वस्तू घेऊन ही पद्धत करून पाहा.

खाऊ आणि खेळणी एकाच चाचणीत मिसळू नका. बिस्किट समोर असले की आवडती खेळणीही यादीत तळाला जातात, आणि मग तुम्ही नकळत प्रत्येक कृतीसाठी खाऊच देऊ लागता. घरच्यांनी दिलेल्या यादीने सुरुवात जरूर करावी, पण तिच्यावर थांबू नये. एका मुलीच्या आईने कोडी आवडतात असे मनापासून सांगितले होते. मुलगी मात्र पाचही मिनिटे स्टीलची वाटी फिरवत बसली, आणि पुढे कितीतरी आठवडे ती वाटीच आमच्या कामाला आली. अर्थात आवडती वस्तू प्रबलक, म्हणजे कृती वाढवणारे बक्षीस, ठरतेच असे नाही. ती दिल्यावर शिकवलेली कृती वाढते का, हे नोंदींवरूनच कळते.

डोके आपटण्याचा भाग मात्र एकट्याने हाताळू नका. ते कशामुळे होते, याचे स्वतंत्र मूल्यमापन तुमच्या पर्यवेक्षकांकडून करून घ्या आणि तोवर वस्तू काढून घ्यावी लागेल अशी कोणतीही चाचणी थांबवा.