संज्ञापन शिकताय? प्रतिसादाकडे लक्ष द्या

संज्ञापन म्हणजे संदेशांची देवाणघेवाण. ते शिकताना नुसत्या व्याख्या पाठ करत बसू नका. स्वतःशी, दोघांत, गटात आणि माध्यमांतून होणारा संवाद, हे प्रकार पटकन समजतात. खरी मेहनत प्रतिमानांवर, म्हणजे संवाद कसा घडतो ते दाखवणाऱ्या आराखड्यांवर घ्या. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ हॅरल्ड लासवेल यांनी १९४८ मध्ये मांडलेलं सूत्र आधी पक्कं करा: कोण, काय, कोणत्या माध्यमातून, कोणाला सांगतो आणि परिणाम काय होतो? एखादी बातमी किंवा जाहिरात घेऊन त्यावर तपासून पाहा. यात प्रतिसादाला जागाच नाही, हे तेव्हा जाणवेल.

त्याच वर्षी गणितज्ञ आणि अभियंते क्लॉड शॅनन यांनी संदेशात मिसळणाऱ्या गोंगाटाचा, म्हणजे अडथळ्यांचा विचार मांडला. पण त्यांचा प्रश्न अभियंत्याचा होता: संकेत नीट पोहोचला का? अर्थ पोहोचला का, हा प्रश्न वेगळा. सांगणारा आणि ऐकणारा यांच्या अनुभवांचा जेवढा भाग सामाईक, तेवढाच अर्थ पोहोचतो, ही संज्ञापनाचे अभ्यासक विल्बर श्रॅम यांची मांडणी मला सर्वांत मोलाची वाटते. समोरच्याची भुवई उंचावली की आपण बोलता बोलता वाक्य बदलतो; ती भुवई म्हणजेच प्रतिसाद. रेडिओच्या निवेदकाला ती भुवई दिसत नाही. त्याला श्रोता आधीच कल्पावा लागतो.

माहिती देणं, अर्थ लावणं, वारसा पुढे नेणं, रंजन करणं ही माध्यमांची कार्यं वाचताना त्यांची उलट बाजूही लिहून काढा. माहितीचा अखंड मारा माणसाला सावध करतो, तसा सुन्नही करतो.