पॅड ओढून काढते, काय करू?

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, बौद्धिक दिव्यांग आहे. चार महिन्यांपूर्वी पाळी सुरू झाली. पॅड लावला की ओढून काढते, तोही हॉलमध्ये सगळ्यांसमोर. सासूबाई म्हणतात, पिशवीच काढून टाका. — एक आई, ऐरोली

उत्तर : पिशवीचा विषय आधी मिटवू. गर्भाशय काढलं की रक्तस्राव तेवढा थांबतो. बीजकोश तसेच राहतात, म्हणून पाळीआधीची चिडचिड सुरूच राहू शकते. अत्याचाराचा धोका तर तसूभरही कमी होत नाही. 1994 साली पुण्यात अशा शस्त्रक्रियांवरून मोठा गदारोळ झाला होता. आता दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 10 नुसार वंध्यत्व येईल असा कोणताही उपचार त्या व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय करता येत नाही.

पॅड ती हट्टानं काढते असं समजू नका. बहुधा प्लास्टिकचा थर, चिकट पंख किंवा सुगंध टोचतो. बिनवासाचा सुती पॅड किंवा पिरियड पँटी आणून बघा. सराव मात्र पाळी नसताना करायचा : आंघोळीनंतर कोरडा पॅड दहा मिनिटं, चार-पाच दिवसांनी अर्धा तास, मग दोन तास. निकरवर पक्क्या मार्करनं पॅडची बाह्यरेषा आखा, म्हणजे कुठे लावायचा ते तिला दिसेल. बदलायचा तो बाथरूममध्येच; एकदाही हॉलमध्ये नको, नाहीतर सगळी शिकवण वाया.

शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे या. आधी फक्त गुंडाळलेला पॅड डब्यात टाकणं तिच्याकडे द्या, बाकी तुम्ही करा. ते जमलं की गुंडाळणं, मग काढणं. ‘बदलायचा का?’ असं विचारू नका, उत्तर ‘नाही’च येईल. दात घासल्यावर, शाळेतून आल्यावर, झोपताना असं दिनक्रमाला बांधा. शाळेतही एकदा बदलायला सांगून ठेवा. पायऱ्यांची चित्रपट्टी वाशीच्या महापालिका ईटीसी केंद्रातल्या (दिव्यांगांचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) विशेष शिक्षकांकडून करून घेता येईल.

पोट दुखतं हे तिला सांगता येत नसेल. त्या दिवसांत हात चावणं, डोकं आपटणं, न जेवणं दिसलं तर आधी दुखण्याचाच विचार करा. फिट येत असतील तर कॅलेंडरवर पाळीशेजारी फिटचीही नोंद ठेवा. काहींना पाळीच्या आसपास फिट वाढतात. रक्तस्राव कमी करणाऱ्या हार्मोनच्या गोळ्या असतात, पण फिटच्या काही औषधांमुळे त्यांचा असर उतरतो. त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना फिटच्या गोळ्यांची चिठ्ठी न्याच. तासाला पॅड भिजत असेल किंवा सात दिवसांवर अंगावरून जात असेल, तर पुढच्या पाळीची वाट बघू नका.